उंदीर बरा झाला, मग आमच्या आईचं काय?

गेल्या अंकात मेंदूतल्या मायक्रोग्लिया नावाच्या पेशींवर अर्ध्या पानाचं टिपण टाकलं होतं. खरं सांगायचं तर एक जाहिरात ऐनवेळी रद्द झाली आणि जागा भरायची होती म्हणून टाकलं. त्यात एवढंच होतं की मेंदूला स्वतःची वेगळी रोगप्रतिकार पेशी असते, ती कचरा उचलते, राखण करते, आणि माशापासून माणसापर्यंत या पेशीत कोणती जीन्स (म्हणजे पेशीनं काय करायचं ते सांगणाऱ्या डीएनएतल्या सूचना) चालू असतात कोणती बंद असतात हे आता शास्त्रज्ञ शेजारी शेजारी ठेवून बघायलेत. त्याच्यावर जेवढी पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅप आले तेवढे सोयाबीनच्या भावावर लिहिलं तेव्हा पण आले नव्हते. त्यातले पाच घेतलेत. नावं छापत नाही, गाव तेवढं ठेवलंय.

प्रश्न : सर, माझी आई ७१ वर्षांची आहे, दोन वर्षांपासून विसरायलीय. यंदा येळवशीला आंबिलीत ताक घालायचंच विसरली, पातेल्याकडं नुसती बघत उभी राहिली आणि मग मला म्हणाली, जा तुझ्या बापाला शेतातून बोलावून आण. वडील जाऊन नऊ वर्षं झालेत. मोबाईलवर मला महिन्या-दोन महिन्याला बातमी दिसती की उंदराचा अल्झायमर बरा केला. दहा वर्षं झाले, उंदीरच बरे व्हायलेत. आमच्या आईचा नंबर कधी लागणार? तुमच्या टिपणात प्राण्याप्राण्यात फरक असतो असं होतं, त्याचा याच्याशी काही संबंध आहे का? (एक वाचक, औसा तालुका)

दादा, संबंध आहे आणि सरळ आहे. ती बातमी खोटी नसते, उंदीर खरंच बरा झालेला असतो. गोची आहे ती 'अल्झायमर' या शब्दात, कारण उंदराला अल्झायमर होतच नाही.

घरातला घ्या, खळ्यावरचा घ्या, लॅबमधला पांढरा घ्या, उंदीर म्हातारा होतो आणि मरतो पण त्याच्या मेंदूत आपल्यासारखे अमायलॉइडचे गोळे साठत नाहीत. अमायलॉइड म्हणजे चाळीस-बेचाळीस अमिनो अ‍ॅसिडची एक छोटी माळ असते, उंदरात पण असते, फक्त त्याच्या माळेतले तीन मणी वेगळे आहेत, आणि तेवढ्यानंच ती आपल्यासारखी चिकटून बसत नाही. मग शास्त्रज्ञ काय करतात, ज्या घराण्यांमधे चाळिशी-पन्नाशीतच अल्झायमर येतो त्यांच्यातलं बिघडलेलं माणसाचं जीन उंदरात घालतात, आणि काही महिन्यांत त्या उंदराच्या मेंदूत गोळे दिसायला लागतात. तो उंदीर बरा करतात. म्हणजे आजार माणसाचा, उसना दिलेला, पण तो आजार ज्यांनी निस्तरायचा त्या पेशी उंदराच्याच. तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर या शेवटच्या वाक्यात आहे, म्हणून जरा बैजवार सांगतो.

मायक्रोग्लिया म्हणजे मेंदूतला जागल्या समजा. १९१९ मधे स्पेनच्या पिओ देल रिओ ओर्तेगा यांनी चांदीच्या क्षाराचा रंग वापरून या पेशी पहिल्यांदा नीट वेगळ्या काढून दाखवल्या आणि नाव दिलं. मी एम.एस्सी.ला असताना उंदराच्या मेंदूची एक स्लाईड बघितली होती, फिक्कट पार्श्वभूमीवर तपकिरी ठिपके आणि प्रत्येक ठिपक्यातून निघालेल्या बारीक वाकड्या फांद्या, अगदी बाभळीच्या डहाळीसारख्या, आणि विशेष म्हणजे एकीची फांदी दुसरीच्या फांदीत घुसत नव्हती, प्रत्येकीनं आपापलं रान वाटून घेतलेलं. त्याच स्लाईडवर एका कडेला उंदीर जिवंत असताना सुई लागून झालेली जखम होती, तिथल्या पेशींनी फांद्या आत ओढून घेतल्या होत्या आणि बोरासारख्या गोल झाल्या होत्या. २००५ मधे जिवंत उंदराच्या मेंदूत सूक्ष्मदर्शकातून बघितलं तर कळलं की त्या फांद्या शांत असताना पण थांबत नाहीत, सारख्या हलत असतात, आजूबाजूला चाचपत असतात. आणखी एक, हे जागले मेंदूत जन्मलेले नाहीतच. गर्भ अगदी लहान असताना बाहेरच्या पीतक पिशवीतून येतात, मेंदूत शिरतात आणि तिथलेच होऊन राहतात. उंदरात हे २०१० मधे पक्कं दाखवलं गेलं.

आता मुद्द्यावर. २०१९ मधे इस्रायलच्या वायझमन इन्स्टिट्यूटमधले इदो अमित, जर्मनीतल्या फ्रायबुर्गचे मार्को प्रिन्झ आणि त्यांच्या बऱ्याच सहकाऱ्यांनी दहा जातींच्या प्राण्यांमधले मायक्रोग्लिया तपासले, ज्यांचे पूर्वज एकमेकांपासून ४५ कोटी वर्षांपेक्षा जास्त काळापूर्वी वेगळे झाले असे प्राणी त्यात होते. झेब्राफिश होता, जो मूळचा आपल्याच उपखंडातला मासा, मेंढी होती, माकडं होती, उंदीर होते, माणूस होता. दिसलं काय, तर एक गाभा आहे जो उंदरापासून माणसापर्यंत टिकून आहे, न्यूरॉनशी, म्हणजे मेंदूतल्या निरोप नेणाऱ्या मुख्य पेशींशी, बोलायचं कसं, निरोप घ्यायचा कसा द्यायचा कसा, ही जीन्स बहुतेक तशीच चालू. म्हणजे जागल्याचं काम तेच, काठी तीच, कंदील तोच. पण काही गठ्ठे असे निघाले की जिथं उंदराच्या घराण्यातले आणि माकड-माणसाच्या घराण्यातले जागले वेगळं वागतात. आणि ते गठ्ठे कुठले? कचरा गिळायची जीन्स, काय उचलायचं त्यावर खूण मारणारी कॉम्प्लिमेंट नावाची यंत्रणा, आणि अल्झायमर-पार्किन्सनचा धोका ज्यांच्यामुळं कमी जास्त होतो ती जीन्स. नेमकी तीच.

मला हे वाचून नवल नाही वाटलं, खरं म्हणजे वाटायला नको. न्यूरॉनच्या जीन्समधे फार हात घालून चालत नाही, घातला तर प्राणी उभाच राहत नाही, म्हणून ती कोट्यवधी वर्षं तशीच राहतात. पण रोगप्रतिकाराची जीन्स म्हणजे जंतूंशी रोजची कुस्ती, समोरच्यानं डाव बदलला की आपल्याला बदलावा लागतो, उंदराचे जंतू वेगळे, बिळातलं आयुष्य वेगळं, आणि आपले त्यांचे पूर्वज वेगळे होऊन ७ कोटी वर्षांच्या वर झालीत. एवढ्या काळात डाव वेगळे होणारच.

एक-दोन नमुने देतो म्हणजे हवेत बोलतोय असं वाटणार नाही. सीडी-३३ नावाचं जीन माणसाच्या मायक्रोग्लियात ब्रेकचं काम करतं, 'आता खाऊ नको, थांब' असं सांगतं, आणि त्याच्या काही प्रकारांचा अल्झायमरच्या धोक्याशी संबंध सापडलाय. उंदरात पण सीडी-३३ आहे, नाव तेच, पण त्याची रचना वेगळी, तो माणसासारखा ब्रेक मारत नाही. म्हणजे ब्रेक काढून टाकायचं औषध उंदरावर तपासायचं म्हटलं तर तपासणार काय? दुसरं, एपीओई नावाचं जीन. माणसात याचे तीन मुख्य प्रकार, दोन, तीन आणि चार, त्यातला चार नंबरवाला अल्झायमरचा धोका वाढवतो. उंदराकडं एकच प्रकार. त्याला चार नंबर देऊन बघायचा तर आधी माणसाचं जीन घालावं लागतं.

आणि टीआरईएम-२ ची गोष्ट तर जास्त बोलकी आहे. २०१२ मधे दोन टीमना एकाच वेळी कळलं की या जीनमधला एक विरळा बदल असेल तर अल्झायमरचा धोका साधारण तिपटीनं वाढतो. हे जीन मेंदूत जवळजवळ फक्त मायक्रोग्लियातच चालतं, त्यामुळं सगळ्यांचं लक्ष एकदम या पेशींकडं गेलं, तोपर्यंत त्यांना कोणी फारसं विचारत नव्हतं. २०१७ मधे उंदरात दिसलं की गोळ्यांच्या भोवती जमणारे मायक्रोग्लिया एक वेगळीच अवस्था घेतात, काही जीन्स बंद करतात काही चालू करतात, आणि त्या अवस्थेत पूर्ण जायला टीआरईएम-२ लागतं. मग सरळ विचार आला, टीआरईएम-२ ला डिवचणारं औषध द्या, जागल्या खडबडून उठेल. उंदरात आशा दिसली. माणसांवरची त्यातली एक मोठी ट्रायल २०२४ च्या अखेरीस फेल गेली, रुग्णांच्या घसरणीत फरक पडला नाही.

तरी पण उंदराला पूर्ण निकालात काढू नका. १९९९ मधे उंदरांना अमायलॉइडची लस दिली आणि गोळे कमी झाले, तिथून हा सगळा रस्ता सुरू झाला. ती लस माणसांना दिली तेव्हा साधारण ६ टक्के लोकांच्या मेंदूला सूज आली आणि २००२ मधे ट्रायल थांबवावी लागली, उंदरात असं काही दिसलं नव्हतं. तिथं दोष मायक्रोग्लियाचा नाही तर बाहेरून, रक्तातून आलेल्या टी पेशी नावाच्या रोगप्रतिकार पेशींचा होता असं मानतात, पण शेवटी रोगप्रतिकाराच्या बाबतीत उंदीर आपल्याला फसवून गेला ते गेलाच. मग लसीऐवजी तयार अँटिबॉडी द्यायची कल्पना पुढं गेली आणि २०२३ मधे अमेरिकेत लेकानेमॅब नावाचं तसलं औषध पूर्णपणे मंजूर झालं. ती अँटिबॉडी अमायलॉइडला जाऊन चिकटते आणि मायक्रोग्लिया ते ओळखून गिळतात. १८ महिन्यांच्या ट्रायलमधे घसरण साधारण २७ टक्के हळू झाली. थांबली नाही, उलटली तर नाहीच. आणि काहींच्या मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होतो म्हणून सारखे एमआरआय करावे लागतात. सुरुवातीच्या टप्प्यातल्याच रुग्णांसाठी आहे ते.

सध्या जे चाललंय त्यात मला सगळ्यात पटणारं काम म्हणजे उंदराच्या मेंदूत माणसाचेच जागले बसवायचे. माणसाच्या स्टेम सेलपासून, म्हणजे वेगवेगळ्या पेशी बनू शकणाऱ्या मूळ पेशीपासून, मायक्रोग्लियाच्या आधीची पेशी बनवतात आणि काही दिवसांच्या पिल्लाच्या मेंदूत सोडतात. त्या पिल्लाची स्वतःची रोगप्रतिकार यंत्रणा आधी निकामी केलेली असते, नाहीतर ती पाहुण्याला हाकलून देईल. वर त्याला माणसाचं एक वाढीचं प्रोटीन द्यावं लागतं, कारण उंदराच्या त्या प्रोटीनवर माणसाच्या पेशी नीट जगत नाहीत, म्हणजे खाणावळ पण वेगळी लागते बघा. बेल्जियममधे आणि कॅलिफोर्नियात २०१९ च्या सुमारास हे जमलं, आणि दिसलं की त्या पेशी उंदराच्या घरात राहून पण माणसासारख्याच वागतात, अमायलॉइड दिसल्यावर शेजारच्या उंदराच्या मायक्रोग्लियापेक्षा वेगळी जीन्स चालू करतात. म्हणून पुढच्या वेळी उंदीर बरा झाल्याची बातमी आली की एवढंच शोधा, मायक्रोग्लिया कोणाचे होते. बातमीत बहुतेक लिहिलेलं नसतं.

आता आईचं. हे सगळं वाचून 'अल्झायमरच आहे' असं घरबसल्या ठरवू नका. बी-१२ कमी असेल, थायरॉइड बिघडलं असेल, डिप्रेशन असेल, झोपेच्या किंवा दुसऱ्या काही गोळ्या चालू असतील, तरी माणूस असाच विसरतो, आणि त्यातलं बरंचसं सुधारता येतं. शाकाहारी घर असेल तर बी-१२ आधी बघा. न्यूरोलॉजिस्टकडं किंवा मेडिकल कॉलेजच्या ओपीडीत एकदा दाखवा, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून घेऊन जा, तोंडी नावं सांगण्यात गडबड होते. आणि ती वडलांना बोलवायला सांगती तेव्हा 'अगं ते गेले की' असं दरवेळी सांगू नका, तिला ते दरवेळी नव्यानं कळतं. 'शेतातून यायचेत' म्हणा, आणि आंबिलीचं पातेलं तुम्ही हातात घ्या, ढवळायला तिला द्या.

प्रश्न : सर मी लातूरला नीटची तयारी करते. सगळ्या पेशीत डीएनए सेम असतो ना, मग एका पेशीत जीन अ‍ॅक्टिव्हिटी वेगळी आणि दुसरीत वेगळी कशी काय? आणि मोजतात कशी? क्लासमधे विचारलं तर सिलॅबसमधे नाही म्हणाले. (एक विद्यार्थिनी, मूळ गाव नांदेड जिल्हा)

सिलॅबसमधे आहे बेटा, वेगळ्या नावानं आहे, जीन एक्स्प्रेशन बघ. असं समज, पंचांग घराघरात तेच असतं. शेतकरी त्यातलं नक्षत्राचं पान उघडतो, पोरीचा बाप मुहूर्ताचं, आजी एकादशी बघते. पुस्तक एकच, उघडलेलं पान वेगळं. डीएनए म्हणजे ते पंचांग, आणि उघडलेल्या पानावरून जी चिठ्ठी उतरवून घेतात ती आरएनए. कोणत्या पेशीत कोणत्या चिठ्ठ्या किती पडल्यात हे मोजलं की कळतं कुठलं जीन चालू आहे. मायक्रोग्लियाची ओळखच अशा काही चिठ्ठ्यांवरून पटते, पी-टू-आरवाय-१२, टीएमईएम-११९ असली नावं आहेत त्यांची, परीक्षेला येणार नाहीत, टेन्शन घेऊ नको.

मोजायची पद्धत आपल्या मोंढ्यावरून सांगतो. आधी काय करायचे, हजारो पेशी एकत्र वाटून सगळ्यांच्या चिठ्ठ्यांची सरासरी काढायचे. म्हणजे वीस शेतकऱ्यांची सोयाबीन एका ढिगात ओतून मॉइश्चर बघितल्यासारखं, आकडा येतो पण कोणाचा माल ओला होता ते बुडून जातं. आता सिंगल सेल सिक्वेन्सिंगमधे एकेक पेशी तेलातल्या एकेका बारीक थेंबात पकडतात, थेंबात एक मणी असतो, त्या मण्यावर त्या थेंबापुरता बारकोड असतो, तो त्या पेशीच्या प्रत्येक चिठ्ठीला चिकटतो. मग सगळं एकत्र करून वाचलं तरी चालतं, बारकोडवरून कळतं कोणती चिठ्ठी कोणत्या पेशीची. प्रत्येक कट्ट्याला शेतकऱ्याचं लेबल लावून मग ट्रकमधे भरल्यासारखं. असं केलं तेव्हाच दिसलं की बऱ्याच प्राण्यांत मायक्रोग्लिया साधारण एकाच अवस्थेत असतात, पण माणसात एकाच मेंदूत पाच-पन्नास तऱ्हा म्हणाव्यात इतके वेगवेगळे.

इथं मी जरा सावध राहीन, आणि तू पण राहा. लॅबमधला उंदीर म्हणजे सख्ख्यापेक्षा सख्खी भावंडं, पिढ्यान्‌पिढ्या आपसात पैदास केलेली, एकाच पिंजऱ्यात, एकच खाणं, दोन-तीन वर्षांचं आयुष्य. माणसाचा नमुना कोणाचा, तर कोणाचं फिटच्या आजाराचं ऑपरेशन झालं त्याच्यातला तुकडा, कोणी ऐंशी वर्षांचा होऊन वारला तो, कोणाला शुगर, कोणाची तंबाखू. फरक दिसणारच, आणि त्यातला माणूस म्हणून किती आणि आयुष्य वेगळं म्हणून किती हे सोडवणं सोपं नाही. दुसरी भानगड म्हणजे या पेशी फार चटकन बिथरतात. मेंदूच्या तुकड्यातून त्यांना सुटं करायला एन्झाइम घालून ३७ डिग्रीला ठेवलं की तेवढ्या वेळातच त्या धोक्याची जीन्स चालू करतात. झोपलेल्या माणसाला गदागदा हलवून विचारायचं की तू झोपेत कसा दिसतोस! म्हणून आता हे काम थंडीत करतात, किंवा जीन चालू व्हायला अडवणारी रसायनं आधीच घालून ठेवतात.

प्रश्न : माझ्याकडं उस्मानाबादी शेळ्या आहेत आणि भावाचं मटणाचं दुकान आहे. शेळीच्या मेंदूत पण तुम्ही म्हणता त्या पेशी असतात का? आणि भेजा खाल्ल्यानं डोकं चालतं म्हणतात, गिऱ्हाईक पोरांच्या परीक्षा आल्या की मागतंय. खरं काय? (एक वाचक, धाराशिव)

असतात की. २०२० मधे ३३ जातींच्या सस्तन प्राण्यांवर एक अभ्यास झाला, त्यात मेंदू केवढाही असो, उंदराएवढा की मोठ्या जनावराएवढा, मायक्रोग्लियाची दाटी फारशी बदलत नाही असं निघालं. न्यूरॉनचं तसं नाही, ते कुठं दाट कुठं विरळ. म्हणजे राखणीला एकरी किती माणूस लागतो याचा हिशोब निसर्गानं एकदाच केला आणि मग बदललाच नाही. मला हा शोध फार आवडतो, बाकी सगळे फरक सांगून झाल्यावर हे एक सारखेपण.

भेज्यानं डोकं चालत नाही. तव्यावर पडल्यावर त्या पेशी, ती जीन्स, सगळं प्रोटीन आणि चरबी होऊन जातं, आणि पोटात गेल्यावर पोटाला ते मेंदूचं आहे की मांडीचं आहे हे कळत नाही. कोलेस्टेरॉल मात्र भेज्यात भरपूर असतं, ते गिऱ्हाईकाला सांगायचं का नाही ते तुम्ही आणि तुमचा भाऊ बघा.

प्रश्न : माणसाचा मेंदू तपासायला मिळतो कुठून? मला माझा द्यायचा असेल तर? (एक वाचक, परभणी)

ऑपरेशनमधे काढलेला तुकडा, किंवा मृत्यूनंतर दिलेला मेंदू. आपल्याकडं बेंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू आणि मनाच्या आजारांच्या सरकारी संस्थेत १९९५ पासून ब्रेन बँक आहे. देहदानाचा फॉर्म भरला म्हणजे मेंदू संशोधनाला गेला असं मात्र होत नाही, मेडिकल कॉलेजला देह जातो तो बहुतेक पोरांना शरीररचना शिकवायला. मेंदू संशोधनाला द्यायचा तर वेळ महत्त्वाची, कारण चिठ्ठ्या म्हणजे तो आरएनए तासागणिक खराब होत जातो, आणि परभणीहून बेंगळुरू काही जवळ नाही. तुमची भावना मोठी आहे पण त्यांच्याशी आधी बोलून घ्या आणि मुख्य म्हणजे घरच्यांना सांगून ठेवा, ऐनवेळी सही त्यांची लागते.

प्रश्न : आपण टिपणात 'राखण करणाऱ्या पेशी' म्हटलंत. माझा जन्म १९५६ चा, शिक्षक होतो. या पेशी माझ्या जन्मापासून त्याच आहेत की बदलतात? बदलत असतील तर हे कोणी आणि कसं मोजलं, कारण माणसाच्या मेंदूत कोणी तारीख टाकून ठेवत नाही. (एक निवृत्त शिक्षक, अंबाजोगाई)

गुरुजी, तारीख टाकून ठेवलेली आहे, आणि ती टाकली अणुबॉम्बनं.

१९५० च्या दशकात आणि ६० च्या सुरुवातीला अमेरिका-रशियानं उघड्यावर इतके बॉम्ब फोडले की हवेतला कार्बन-१४, म्हणजे कार्बनचा किरणोत्सारी प्रकार, जवळजवळ दुप्पट झाला. १९६३ मधे करार झाला, उघड्यावरचे बहुतेक स्फोट थांबले, आणि तेव्हापासून हवेतलं ते प्रमाण दरवर्षी थोडं थोडं उतरत गेलं. तो कार्बन झाडात गेला, ज्वारीत गेला, कडब्यात गेला, तिथून दुधात आणि आपल्यात. पेशी जन्मते तेव्हा तिचा डीएनए त्या वर्षीच्या कार्बनचा बनतो आणि मग ती पुन्हा दुभंगली नाही तर तो तसाच राहतो. म्हणजे डीएनएमधला कार्बन-१४ मोजला आणि हवेच्या तक्त्याशी लावून बघितला की पेशी साधारण कोणत्या साली जन्मली ते निघतं. जन्मदाखल्यापेक्षा पक्कं म्हणा, आपल्या पिढीत तर अर्ध्या लोकांचा दाखल्यावरचा वाढदिवस १ जूनच असतो.

स्वीडनच्या कारोलिन्स्का इन्स्टिट्यूटमधल्या लोकांनी ही युक्ती माणसाच्या मायक्रोग्लियावर वापरली आणि २०१७ मधे छापलं. वर्षाला साधारण २८ टक्के पेशी नव्या येतात, पेशीचं सरासरी वय ४.२ वर्षं, आणि थोड्याशा पेशी अशा पण असतात की ज्या वीस वर्षांहून जास्त टिकून आहेत. उंदरात त्याच सुमाराला दुसऱ्या एका टीमनं एकेका पेशीवर महिनोन्‌महिने नजर ठेवली, तर तिथं निम्म्याच्या आसपास मायक्रोग्लिया उंदराच्या जवळजवळ अख्ख्या आयुष्याला पुरतात, कारण आयुष्यच दोन-सव्वादोन वर्षांचं. उंदराचा जागल्या पेन्शनपर्यंत एकच, आपला दर चार-पाच वर्षांनी बदलीवर. म्हातारपणाच्या आजाराचा विचार करताना हा फरक पण धरायला पाहिजे, आणि उंदरावरचे निष्कर्ष माणसाला लावताना तो बऱ्याचदा कोणी धरत नाही अशी माझी तक्रार आहे.

मेंदूच्या वरच्या थरातले न्यूरॉन मात्र याच पद्धतीनं मोजले तेव्हा माणसाच्याच वयाचे निघाले, जन्मानंतर तिथं नवे भरले जात नाहीत. तेव्हा तुमचा हिशोब असा, पाढे शिकवणारे न्यूरॉन १९५६ चेच आहेत आणि त्यांची राखण करणारे बरेचसे कोरोनानंतर रुजू झालेले.